पंप आहे का?

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेतले, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमधले, १९० झाले होते, ११० उरले होते. उतार संपून रस्ता सपाट होत होता आणि बऱ्याच वेळाने पायांना लय सापडली होती. पुढे डाव्या हाताला एक दिवा दिसला. जमिनीपासून हातभर उंचीवर, जागच्या जागी हलणारा. जवळ गेल्यावर कळलं की तो माणसाच्या कपाळावरचा दिवा आहे. सायकल उलटी करून ठेवलेली, मागचं चाक काढलेलं, आणि ते चाक मांडीवर घेऊन तो उकिडवा बसलेला. नवी ट्यूब घालून झाली होती, टायर रिममध्ये बसवूनही झाला होता. हातात पंप होता, पण त्याचं तोंड मधोमध चिरलेलं. त्याने मान वर केली तसा उजेड थेट माझ्या डोळ्यांवर आला, त्यामुळे चेहरा दिसलाच नाही. आवाज मात्र स्वच्छ आठवतो, दमलेला पण मऊ. "दादा, पंप आहे का?" मी ब्रेक अर्धवट दाबले होते, पाय खाली टेकवला नव्हता. "पंप नाही," मी म्हणालो. "बरं बरं. या तुम्ही," तो म्हणाला. मी पुढे निघून आलो.

मी खोटं बोललो नव्हतो.

माझ्याकडे पंप खरंच नव्हता. सीटखालच्या पिशवीत टायर भरायच्या, दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या दोन कार्ट्रिज, म्हणजे छोट्या नळकांड्या, होत्या, आणि त्या व्हॉल्व्हला जोडायचं बोटभर लांबीचं तोंड. तीन घेऊन निघालो होतो, एक ७० व्या किलोमीटरलाच संपली होती. त्याच्यासमोरच्या त्या दोन-तीन सेकंदांत डोक्यात आकडेमोड झाली. ११० किलोमीटर, दोन कार्ट्रिज, अंधार, खडीचा पट्टा अजून यायचाय. एक याला दिली तर एक उरेल, आणि दोन पंक्चर झाली तर मी असाच कुठेतरी बसलेला असेन. हे सगळं मी शब्दांत विचार करून ठरवलं नाही, ते आधीच ठरून गेलं होतं. त्याने पंप विचारला, मी पंपापुरतं उत्तर दिलं. सकाळी नऊच्या सुमाराला, सतरा तासांत, राइड पूर्ण झाली. २० तासांची मुदत होती. घरी येऊन पिशवी रिकामी केली तेव्हा त्या दोन्ही कार्ट्रिज टेबलावर घरंगळल्या. तोंडावरचं सील तसंच. हातात घेतल्या तर थंड आणि आकाराच्या मानाने जड.

ब्रेव्हेचा नियम असा की प्रत्येकाने आपलं आपण निभवायचं. मागे गाडी नको, वाटेत मदतीला घरची माणसं नकोत. त्यामुळे ज्याचा पंप मोडला त्याने दुसरी सोय ठेवायला हवी होती, असं मी स्वतःला दोन-तीन दिवस सांगून पाहिलं. पण एका चालकाने दुसऱ्याला मदत करू नये असं हा नियम कुठेच म्हणत नाही. उलट रात्रीच्या राइड निभतात त्या एकमेकांच्या जिवावरच. कुणाचा दिवा, कुणाची सुटी कडी, कुणाची झोप उडावी म्हणून मारलेल्या गप्पा. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ती समजूत टिकली नाही.

आमच्या घरी दारामागे बाबांचा पंप असायचा. उभा, लोखंडी, हिरवा रंग जागोजागी उडालेला. खाली पाय ठेवायला दोन पट्ट्या, वर आडवी लाकडी मूठ, घासून घासून काळी आणि गुळगुळीत झालेली. दर दोन-तीन महिन्यांनी बाबा तो सुटा करून वर्तमानपत्रावर मांडत. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असे, छोट्या वाटीसारखा. त्याला ते बोटाने तेल लावत, कडा अंगठ्याने हलकेच बाहेर फुलवत आणि मग नळीत फिरवत फिरवत घालत. दांडा वर ओढला की वाटीची कडा मिटते आणि बाजूने हवा खाली उतरते. खाली दाबला की तीच कडा फुलून नळीला चिकटते आणि हवेला परतीची वाट राहत नाही. चामडं वाळलं की हे सगळं थांबतं. दांडा नुसताच वरखाली होतो, हवा धरत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये तेव्हा वालट्यूब असायची. तो रबराचा इवलासा तुकडा बाबा ओठांत धरून ओला करत आणि पितळी दांडीवर चिमटीने सरकवत. दांडीच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक. आत जाणारी हवा रबर फुगवून वाट काढते आणि बाहेर पडू पाहणारी हवा तेच रबर भोकावर दाबून धरते. हवेनेच हवेला अडवायचं, ही गोष्ट मला तेव्हा जादूची वाटायची. अजूनही थोडी वाटते.

हवा भरायचं काम मी मागून घ्यायचो. पहिले दहा-बारा दाब सोपे जात. मग दांडा जड व्हायचा. मी मुठीवर पोट टेकवून, पाय उचलून लटकायचो, आणि दांडा अर्ध्यावर येऊन तिथेच थांबायचा. मी त्यावर तरंगत राहायचो, खाली दाबलेली हवा आणि वर मी. मग बाबा मागून येऊन एक हात माझ्या हाताशेजारी ठेवत आणि दांडा आम्हा दोघांना घेऊन खाली जाई. त्या क्षणी नळीतून येणारा 'सुस्स' असा आवाज आणि गरम रबराचा, तेलाचा वास. आणि दारातून येणारी ती हाक, जी मी इतकी वर्षं विसरलो होतो आणि त्या रात्रीनंतर आठवली. "काका, पंप आहे का?" शेजारचं कुणी, गल्लीतलं कुणी, कधी सायकल हातात धरून चालत आलेलं अगदी अनोळखी माणूस. बाबा आतूनच म्हणत, "दारामागे आहे, घ्या." कोण आहे ते बघायलाही उठत नसत. एकदा पंप परत आला तो नळीचं तोंड वाकलेला. बाबांनी पक्कड घेऊन ते सरळ केलं आणि पंप पुन्हा दारामागे ठेवला.

१८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तो बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर होता आणि टायरचा खटाटोप त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला होता. त्याच्या आधी, १८४० च्या दशकात, थॉमसन नावाच्या माणसाने हीच कल्पना मांडून पेटंटही घेतलं होतं, पण तेव्हा सायकलच नव्हती म्हणावी अशी. डनलॉपनंतर मात्र वेळ लागला नाही. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकला आणि त्याच्या चाकांवर मिशलाँचे काढता-घालता येणारे हवेचे टायर होते. आज आम्ही ब्रेव्हे म्हणून जे करतो त्याची मुळं तिथवर जातात. त्या टायरांमध्ये हवा कशी भरत असतील, अंधारात, तीन दिवस न झोपलेल्या हातांनी, याचा विचार माझ्या मनात आता पुष्कळ वेळा येतो.

तर मी पंप घ्यायचं ठरवलं. ठरवलं आणि लक्षात आलं की पंप म्हणजे काय ते आपल्याला माहीतच नाही. मी कार्ट्रिजकडे वळलो होतो तो वजन वाचवायला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मांडून पाहिलं. पोलादी कवचासकट एक कार्ट्रिज साधारण ५८ ग्रॅम. दोन कार्ट्रिज आणि तोंड मिळून दीडशेच्या आसपास. चांगला छोटा हातपंपही तेवढ्याच वजनाचा असतो. म्हणजे मी वजन वाचवत नव्हतोच, मी चार मिनिटांचे कष्ट वाचवत होतो. कार्ट्रिजचं काम देखणं असतं, हे मान्य करायला हवं. पीळ दिला की फुस्सकन टायर कडक, धातूवर पांढरं दव गोठतं आणि उघड्या बोटाला चटका बसतो. पण तो वायू रबरात विरघळतो आणि ट्यूबमधून साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर झिरपून जातो. रात्री भरलेला टायर दुसऱ्या दिवशी मऊ लागतो. आणि मुख्य म्हणजे ती मोजून मिळालेली हवा आहे. संपली की संपली. जवळ मोजकं असलं की माणूस मोजत राहतो, मीही तेच केलं. बॅटरीवर चालणारे चिमुकले पंप आता मिळतात, तेही हाताळून पाहिले. चांगले आहेत, पण चार्ज संपेपर्यंतच.

हातपंपाचं सगळं गणित नळीच्या जाडीत आहे. २८ मिलिमीटर रुंदीच्या रोड टायरला साधारण ८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतात. २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत तेवढ्या दाबाला दट्ट्या ढकलायचा तर हाताला १७-१८ किलोंचा जोर लावावा लागतो. तीच नळी ३० मिलिमीटरची असेल तर तोच जोर ४० किलोंवर जातो. लहानपणी मी मुठीवर लटकून का राहायचो त्याचं उत्तर इथे होतं. माझं वजनच कमी पडत होतं. जाड नळी डोंगरातल्या सायकलींसाठी बरी. त्यांच्या रुंद टायरना दाब कमी पण हवा भरपूर लागते. रोडसाठी बारीक नळी हवी, आणि बारीक नळी घेतली की फटके मोजत बसायची तयारी हवी. दीडेकशे मिलिमीटरच्या छोट्या पंपाने २८ चा टायर भरायला दोनशे ते तीनशे वेळा हात मारावा लागतो. कारण ८० पीएसआयच्या टायरमध्ये शिरायचं तर पंपातल्या हवेला आधी स्वतः दबून तेवढ्या दाबाला यावं लागतं. बारा सेंटिमीटरच्या फटक्यातले नऊ-दहा सेंटिमीटर हवा नुसती दबते आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये ती खरी आत जाते. दमलेला माणूस नेमके तेच दोन सेंटिमीटर सोडतो. हात खालपर्यंत जातच नाही. मग वाटतं पंप बिघडलाय. पंप धड असतो, फटका अपुरा पडत असतो.

हे कळल्यावर मी पंप विकत घेताना दुकानात दोन-चार वेळा दाबून पाहत नाही. रिकाम्या नळीत सगळेच पंप छान चालतात. मित्राकडून मागून आणला, पूर्ण सपाट टायरवर शेवटपर्यंत चालवला, आणि तोही दिवसभर सायकल चालवून आल्यावर. पन्नासाव्या फटक्याला मनगट कुरकुरतं. दीडशेला नळी इतकी तापते की हातमोजा घालावा लागतो. दोनशेनंतर कळतं मूठ किती रुंद हवी होती. तळहातात रुतणारी अरुंद मूठ पेलायला हलकी असते आणि हवा भरताना वैरी होते. असे पाच पंप मी बघितले. त्यातला एक, सगळ्यात देखणा, तीस ग्रॅमने हलका, साठ पीएसआयच्या वर जाईचना. ६० वर निघता येतं, पण माझ्या वजनाला त्या टायरवर एखादा खड्डा नीट बसला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. म्हणजे पुन्हा तेच बसणं.

शेवटी घेतला तो नळीवाला. आत लपलेली छोटी लवचिक रबरी नळी, खाली पाय रोवायला दुमडणारी एक पट्टी. जमिनीवर टेकवून अंगाच्या भाराने दाबता येतो. वजन पाव किलोच्या आत, पण छोट्या पंपापेक्षा जास्तच. थेट व्हॉल्व्हवर बसणाऱ्या पंपात हात हलला की व्हॉल्व्हही हलतो. प्रेस्टाची, म्हणजे रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची, वरची दांडी वाकते, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते आणि तिथे पॅच बसत नाही. नळी असली की तो धोका गेला. पण नळीचंही एक दुखणं आहे आणि ते मी पावसात शिकलो. नळीचं तोंड व्हॉल्व्हवर पिळून बसवायचं होतं. मोजून २६० फटके मारले, टायर अंगठ्याने दाबून पाहिला, दगडासारखा. नळी उलटी पिळली, तर तिच्यासोबत व्हॉल्व्हचा आतला गाभाही पिळला जाऊन बाहेर आला. एका श्वासात सगळी हवा गेली. हातात नळी, नळीच्या टोकाला तो पितळी गाभा, आणि पावसाचं पाणी थेट ट्यूबच्या तोंडात. मी काही वेळ तसाच उभा राहिलो. मग गाभा बोटांनी जमेल तेवढा आवळला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलो. तेव्हापासून प्रत्येक नव्या ट्यूबचा गाभा घरीच पकडीने आवळून ठेवतो.

पंपाबद्दल वाचता वाचता १९१३ ची टूर द फ्रान्स पुन्हा समोर आली. युजीन क्रिस्तोफ तूरमालेचा घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा (फोर्क) मोडला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. तो सायकल खांद्यावर घेऊन सेंट-मारी-द-कांपाँ या गावापर्यंत चालत गेला, लोहाराची भट्टी गाठली आणि काही तास खपून चिमटा स्वतः सांधला. शर्यतीचे अधिकारी बाजूला उभे राहून बघत होते. दोन्ही हात कामात होते म्हणून तिथल्या एका पोराने भाता मारला. तेवढ्यासाठी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, नंतर तो तीनवर आणला गेला. ही गोष्ट सायकलवाले त्याच्या जिद्दीसाठी सांगतात आणि मीही तशीच सांगत आलो. आता मला तो पोरगा जास्त दिसतो. कुणीतरी अडलंय आणि आपल्याला भाता मारता येतो, एवढं त्याला कळत होतं. तितकी हवा त्याने दिली.

पंप बाळगायचा कुठे, हाही प्रश्न सुटायला महिने गेले. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवला तर पडल्यावर तो कठीण दांडा थेट मणक्यावर येतो. पिशवीत ठेवला तर रात्री अख्खी पिशवी रस्त्यावर मोकळी करावी लागते, आणि अंधारात एकदा ठेवलेली वस्तू परत सापडेलच असं नाही. मी तो पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी, फ्रेमला लावतो. तिथे पुढच्या चाकाचा चिखल उडतो, म्हणून तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा चढवलाय. खडखडू नये म्हणून त्याच ट्यूबची पट्टी कापून अंगाभोवती गुंडाळलीय. महिन्यातून एकदा सुटा करून आतल्या रबरी कडीला ग्रीस लावतो. चामड्याचा वायसर गेला, पण वर्तमानपत्र पसरावं लागतंच. पंपाचं तोंड प्रेस्टालाही बसतं आणि श्रेडरलाही, म्हणजे मोटारीच्या टायरला असतो तशा जाड व्हॉल्व्हलाही. माझ्या दोन्ही चाकांना प्रेस्टाच आहे, श्रेडरची मला गरज नाही. तरी घेताना ते बघून घेतलं. प्रेस्टाचं तोंड जुन्या वालट्यूबच्या व्हॉल्व्हलाही चालतं, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे रस्त्यात भेटणारी जवळपास कुठलीही सायकल.

त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, हे मी अजून मनात चालवून बघतो. मागून कुणीतरी आलंच असेल. माझ्या मागे निदान दहा-बारा जण होते. कुणाकडे तरी पंप असणारच. हे खरं आहे आणि मी थांबलो नाही हेही तसंच आहे. एका गोष्टीने माझं मन हलकं होत नाही आणि दुसरीने जास्त जडही होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. त्याचं "बरं बरं, या तुम्ही" हे वाक्य मात्र जात नाही. त्यात रुसवा नव्हता. माझ्या 'नाही'वर त्याने पूर्ण विश्वास ठेवला होता.

पंप घेऊन आता वर्ष झालं. रात्री रस्त्याकडेला थांबलेला दिवा दिसला की मी थांबतो, पाय टेकवतो, विचारतो. एकानेही अजून पंप मागितलेला नाही. गेल्या महिन्यातल्या ४०० च्या राइडला पहाटे तीनच्या आधी असाच एक दिवा दिसला, जमिनीलगत, जागच्या जागी हलणारा. छातीत धडधडलं. थांबलो. "काही हवंय का? पंप आहे माझ्याकडे." त्याने मान वर केली आणि लगेच कपाळावरचा दिवा हाताने झाकला, माझ्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. "नको दादा, मागच्या दिव्याचे सेल बदलतोय फक्त." त्याची बोटं गारठली होती, सेलचं झाकण बसत नव्हतं. मी माझा दिवा त्याच्या हातांवर धरला. तिसऱ्या खेपेला झाकण बसलं, लाल दिवा लागला, तो हसला. तो निघेपर्यंत मी उभा राहिलो. मग मीही निघालो. थोडं पुढे खडबडीत रस्ता लागला आणि पंप खडखडायला लागला, पट्टी सैल झाली असावी. एक हात हँडलवर ठेवून दुसऱ्या हाताने चालता चालताच मी ती चाचपत होतो.